फँटसी मालिकेच्या पहिल्या सीझनसाठी सल्ला हवा आहे: चार कथानके एका सूत्रात कशी बांधावीत?

लेखणीवाली

नमस्कार. मी एका मराठी फँटसी मालिकेच्या पहिल्या सीझनचा आराखडा तयार करीत आहे. सीझन ८ भागांचा असून प्रत्येक भाग सुमारे ५० मिनिटांचा आहे. राजाच्या मृत्यूनंतरच्या एका पावसाळ्यात चार कथानके समांतर चालतात. राजधानीत धाकटी राणी आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार हाती घेते. सरहद्दीवरचा किल्लेदार राजाला दिलेल्या वचनापायी वेढा पडला असतानाही किल्ला सोडायला तयार नाही. दरबारातल्या वृद्ध बखरकाराला खोटी वंशावळ लिहिण्याचा हुकूम झाला आहे. मिठाच्या तांड्याबरोबर फिरणाऱ्या एका मुलीला मृतांचे बोलणे ऐकू येते. प्रत्येक कथानक स्वतंत्रपणे वाचले तर उभे राहते, परंतु चारही एकत्र ठेवली की चार निरनिराळ्या मालिकांतले प्रसंग आलटून पालटून लावल्यासारखे वाटतात. आशयसूत्र म्हणून मी ‘सत्ता’ हा विषय धरला आहे, पण त्याने काहीच बांधले जात नाही. ही मोट कशी बांधावी आणि त्यासाठी काय वाचावे किंवा पाहावे, हे कृपया सुचवावे.

पानोपानी

‘सत्ता’ हा विषय इतका सैल आहे की राजा असलेली कोणतीही कथा त्यात बसते, आणि म्हणूनच एखादा प्रसंग ठेवावा की काढावा, हे ठरवताना त्याचा उपयोग होत नाही. आशयसूत्र प्रश्नाच्या रूपात हवे, आणि तो प्रश्न प्रत्येक पात्राला टाळता येणार नाही अशा परिस्थितीतून यायला हवा.

यासाठी महाभारतातले विराटपर्व पुन्हा वाचावे, अशी माझी मनापासून शिफारस आहे. एक वर्ष, एक राजवाडा आणि एकच अट: ओळखले गेलो तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास. या अटीमुळे स्वतःची ओळख दडपून जगता येते का, हा प्रश्न प्रत्येकाच्या वाट्याला वेगळ्या रूपात येतो. द्यूतात सर्वस्व हरलेला युधिष्ठिर कंक होऊन राजाशी फासेच खेळतो, अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्य शिकवतो, भीम स्वयंपाकघरात बल्लव होतो. कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो तेव्हा युधिष्ठिर आणि भीम दोघेही तिथे असतात आणि दोघांनाही गप्प राहावे लागते. हा प्रसंग केवळ द्रौपदीचा राहत नाही, कारण एकाच क्षणी तीन कथानकांची परीक्षा होते. पुढे कीचकवधाची वार्ता हस्तिनापुरापर्यंत जाते, त्यातून विराटाच्या गाईंवर धाड येते आणि अर्जुनाला शमीच्या झाडावर लपवलेली शस्त्रे काढावी लागतात. ही शस्त्रे आपण पर्वाच्या आरंभीच पाहिलेली असतात. एका कथानकाचे फळ दुसऱ्याचे कारण होते, ते असे. नकुल आणि सहदेव यांना मात्र घोडे आणि गाई देऊन व्यासांनी थोडक्यात मोकळे केले आहे. सर्वांना सारखी जागा देण्याचा आग्रह तुम्हीही धरू नये.

तुमच्या आराखड्यात असा प्रश्न आधीच आहे, असे मला वाटते. राणी मृत राजाच्या नावावर राज्य करते, किल्लेदार मृताला दिलेले वचन पाळतो, बखरकाराला मृतांविषयी खोटे लिहायचे आहे आणि मुलीला मृतांचेच ऐकू येते. मेलेल्या माणसाचा शब्द जिवंतांना कुठवर बांधतो, हा तुमचा सीझन आहे.

आडवाट

पानोपानी यांचे प्रश्नाविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फक्त विराटपर्वात सगळे एका छपराखाली आहेत, आणि आपली पात्रे एकमेकांपासून दूर आहेत; ही अडचण वेगळी आहे. त्यासाठी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी फँटसी मालिकेचा २०१२ सालचा दुसरा सीझन हातात वही घेऊन पाहावा. तिसऱ्या भागात राजधानीतला हेरप्रमुख व्हेरिस टिरियन या दरबाऱ्याला एक कोडे घालतो, ज्याचा अर्थ असा की लोक जिथे सत्ता आहे असे मानतात, तिथेच ती असते. आता डेनेरिस या हद्दपार राजकन्येचे कथानक पाहावे. ती समुद्रापलीकडे कार्थ नगरात आहे आणि राजधानीतल्या कोणालाही भेटत नाही, तरीही अखेरच्या भागात ती त्या नगरातल्या धनाढ्याची तिजोरी उघडते तेव्हा ती रिकामी निघते; त्याची सत्ताही लोकांच्या मानण्यावरच उभी होती. कोड्याचे उत्तर हजारो कोसांवर दृश्यातून मिळते, आणि त्यासाठी कोणाला प्रवास करावा लागत नाही.

त्याच सीझनमध्ये आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मूळ कादंबरीत आर्या ही लपून राहणारी मुलगी हॅरनहॉल किल्ल्यात तिच्याच पक्षाच्या सरदाराची, रूझ बोल्टनची पेलेवाहक होते, तर मालिकेत तिला शत्रुपक्षाच्या प्रमुखाच्या, टायविन लॅनिस्टरच्या सेवेत ठेवले आहे. त्यामुळे तिच्या प्रत्येक प्रसंगात शत्रुपक्षाचे कथानकही पुढे सरकते आणि वेगळी दृश्ये खर्ची पडत नाहीत. तुमच्या बखरकाराला राणीच्या इतक्या जवळ ठेवता आले, तर दोन कथानकांचे एक होईल.

लेखणीवाली

आपणा दोघांची मी अत्यंत आभारी आहे. प्रश्न मिळाल्यामुळे किमान सहा प्रसंग आपोआप गळाले. आता अडचण मुलीची आहे. तिला मृत राजाचे बोलणे ऐकू येऊ शकत असेल, तर पहिल्याच भागात सगळा उलगडा होतो. आणि येऊ शकत नसेल, तर तिच्या शक्तीला कथेत काम उरत नाही. शिवाय चारही कथानके प्रत्येक भागात दिसायला हवीत का?

रात्रपाळी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: मुळीच नाही. वर उल्लेख झालेल्या सीझनचा नववा भाग संपूर्णपणे राजधानीच्या लढाईत घडतो, बाकीची कथानके त्यात येतच नाहीत, आणि तरीही तो सर्वांत घट्ट भाग आहे. भिंतीवर प्रत्येक कथानकासाठी एका रंगाच्या चिठ्ठ्या लावाव्यात. एखादा रंग सलग दोन भाग दिसला नाही तरी चालते, मात्र तो परत येईल तेव्हा परिस्थिती बदललेली असली पाहिजे.

मुलीच्या शक्तीला मर्यादा घालावी, आणि ती मर्यादा आशयातूनच यावी. मृत माणूस जिथे मेला तिथेच ऐकू येतो, असा नियम करून पाहावा. राजा कुठे मेला हे राणीने लपवले आहे, बखरकाराला ते ठाऊक आहे, आणि ती जागा वेढा पडलेल्या किल्ल्यात आहे. मग तांड्याच्या वाटेला दिशा मिळते, बखरकाराच्या मौनाला वजन येते आणि किल्ला सांभाळण्यामागे किल्लेदाराला स्वतःलाही न कळलेले एक कारण तयार होते. चौघांपैकी कोणालाही ओढून आणावे लागत नाही.

सातव्या भागात मुलगी किल्ल्यात पोहोचेल तेव्हा राजाचा आवाज प्रेक्षकांना ऐकवू नये, ही माझी विनंती आहे. राजाने वचनातून मुक्त केले आहे, एवढेच ती किल्लेदाराला सांगेल, आणि पुरावा म्हणून तिच्याजवळ स्वतःच्या शब्दाशिवाय काही नसेल. ती खरे बोलते आहे की वेढ्यातल्या माणसांचा जीव वाचवते आहे, हे त्याला एका रात्रीत ठरवावे लागेल. आठवा भाग मग बखरकाराचा करावा, कारण किल्लेदाराने दरवाजा उघडला तर तो फितूर होता की मोकळा झालेला इमानी माणूस होता, हे त्यालाच लिहायचे आहे, आणि राणीचा हुकूम तोवर त्याच्या हातात पडलेला असेल.