गणपती ते दसरा एवढ्या फटीत समुद्रकाठी हनिमून : क्रीट बरोबर की चूक?

चिंचगूळ

लग्न एप्रिलअखेरीस झालं, कारण मेच्या मध्यापासून अधिक महिना. लगेच जायचं होतं, पण दोघांच्याही सुट्ट्या लग्नातच संपल्या आणि शेंगेनची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची) अपॉइंटमेंट मिळेना. मग म्हटलं पाऊस जाऊ दे. यंदा गणपती १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला. बाप्पांना निरोप दिला की निघायचं आणि दसऱ्याच्या आत घरी. त्यात सुट्टीचे दहा-अकरा दिवस मिळतात.

माझं मत आधी सांगते, मग झोडा. दक्षिण युरोपात समुद्रासाठी जायचं तर हीच वेळ उत्तम, आणि एवढेच दिवस असतील तर ते एकाच बेटावर काढावेत. आमचं ग्रीसचं क्रीट बेट ठरतंय, त्यातही पश्चिमेकडचं हानिया. (नकाशावर चानिया दिसतं, तिथले लोक हानिया म्हणतात.)

समुद्र उशिरा तापतो आणि उशिराच निवतो. मेमध्ये क्रीटला ऊन असतं, पण पाणी १९-२० अंश, पाय घातला की बाहेर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेच पाणी २३-२४ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा घोंघावतो, तोही तोवर पडायला लागतो.

ट्रॅव्हलवाल्यांनी दिलेला कार्यक्रम असा: ११ दिवसांत अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, रोम, अमाल्फी. दर दुसऱ्या दिवशी बॅग भरा, गाडीत बसा, उतरा, फोटो काढा. हा हनिमून की लग्नाच्या पत्रिका वाटायची फेरी?

अर्धं_शटर

असहमत. दुकानदार शटर अर्धं ओढतो आणि तेवढ्यात एखादं गिऱ्हाईक वाकून आत शिरतं ना, ऑक्टोबरात युरोपच्या बीचवर आपली तशी गत होते. आम्ही तिसऱ्या आठवड्यात इटलीतल्या अमाल्फीला होतो. सहा दिवसांत चार दिवस पाऊस. खुर्च्या-छत्र्या उचलून नेलेल्या. बीच म्हणजे तरी काय, दोन हात रुंद पट्टी आणि पायाखाली गोटे. हॉटेलात आम्ही, एक जर्मन आजोबा आणि त्यांचं कुत्रं. बायको अजून तो विषय काढते.

पैसेही म्हणावे तसे वाचत नाहीत. ग्रीसमध्ये खोलीवर दर रात्री वेगळा कर आहे, चार तारांकितला १० युरो, पाच तारांकितला १५. हा चढा दर एप्रिल ते ऑक्टोबर असतो, म्हणजे तुमची ‘ऑफ सीझन’ ट्रिप त्यांच्या हिशेबात सीझनमध्येच धरलेली आहे! बुकिंग करताना हा आकडा बरेचदा दिसत नाही, काउंटरवर मागतात.

चिंचगूळ

कराचं माहीत नव्हतं, वहीत लिहिलं. पण अमाल्फी आणि क्रीट एका तराजूत घालू नका. क्रीट कितीतरी दक्षिणेला आहे, आणि तुम्ही गेलात तिसऱ्या आठवड्यात. आम्ही पहिल्या आठवड्यात परतीला लागलेले असू.

बॅरोमीटर

दोघंही थोडे बरोबर, पण मुद्दा तारखेचा नाही. चिंचगूळ, तुम्ही ज्या कोमट पाण्याचं कौतुक करताय तेच शरद ऋतूतल्या वादळांचं इंधन आहे. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून भरपूर वाफ वर जात असते. अशा वेळी वरच्या थरात थंड हवेचा एखादा तुकडा मुख्य प्रवाहातून तुटून येऊन थबकला, की महिन्यांचा पाऊस काही तासांत कोसळतो. स्पेनमध्ये याला दाना म्हणतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया भागात दोनशेहून अधिक माणसं गेली ती यात. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये मायोर्का बेटावर एका गावातून असाच लोंढा गेला होता.

ग्रीसही सुटलेलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस वादळाने केफालोनिया, झाकिंथोस, इथाका ही पश्चिमेची बेटं झोडपली. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाने मध्य ग्रीसमधलं थेसली बुडवलं. म्हणजे ‘ऑक्टोबरचा पहिला आठवडा सुरक्षित’ अशी रेघ मारता येत नाही.

जाऊ नका असं म्हणत नाही. मी असतो तर गेलो असतो. पण बुकिंग रद्द करता येईल असं घ्या आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका. वारा वाढला की तिथलं बंदर खातं बोटी सोडतच नाही, मग तुमचं मुंबईचं विमान असो की आणखी काही.

चिंचगूळ

हे पटलं. पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, रात्रीच्या बोटीने हानियाला जायचा बेत होता, आठ-नऊ तासांचा. जाताना बोट, येताना विमान आणि शेवटची रात्र अथेन्सला, असा बदल करते.

निळा_घुमट

सगळं वाचलं. पण ग्रीसला जाऊन सँटोरिनी नाही? म्हणजे जोतिबाला जायचं आणि गुलाल न लावता परत यायचं! आयुष्यात एकदाच हनिमून. दहा वर्षांनी अल्बम काढाल तेव्हा त्यात ते पांढऱ्या भिंतींचं गाव नसेल, आणि मग कोण कोणाला बोल लावेल ते बघा.

जुना_बोसन

मी जहाजावरचा माणूस, त्या पाण्यात बरीच वर्षं काढलीत. सँटोरिनी समुद्रातून बघण्यासारखं बेट आहे, पण समुद्रात डुंबण्यासारखं म्हणाल तर कमी. फोटोत दिसतं ते गाव तीनेकशे मीटर उंच कड्यावर आहे, तिथून पाण्याला हात लागत नाही. बीच बेटाच्या दुसऱ्या अंगाला, पेरिसा आणि कामारी. ज्वालामुखीची काळी वाळू, दुपारी तव्यासारखी तापते. इया गावात सूर्यास्ताला उभं राहायला जागा मिळवायची म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर गॅलरी शोधण्यासारखं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे भूकंपाच्या धक्क्यांची रांग लागली आणि दहा हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले, हेही विसरू नका. आता शांत आहे, पण जमीन तीच आहे.

सूर्यास्त हवा तर क्रीटच्या पश्चिम टोकाला फालासार्ना आहे. लांबच लांब वाळू, समोर नुसतं पाणी.

निळा_घुमट

बोसनसाहेब, तुम्हाला फुकटात दिसलं म्हणून तुम्ही नाकं मुरडताय. आम्ही कर्ज काढून जाणारी माणसं. क्रीटच्याच इराक्लिओ बंदरातून वेगवान बोट दोन तासांत सँटोरिनीला पोचते. एक दिवस काढायला काय हरकत आहे?

जुना_बोसन

फुकटात? इंजिन रूमला खिडकी नसते हो.

रिकामटेकडा

एवढ्या पैशात गुहागरला महिनाभर राहाल. मासे वेगळे.

चिंचगूळ

@रिकामटेकडा, गुहागरला दर मेमध्ये जातो, मामा आहे तिथे. मामाच्या घरी हनिमून? अंगणात सतरा माणसं झोपलेली असतात.

डबलरोटी

मी मिलानमध्ये नोकरीला आहे, त्यामुळे इटलीची बाजू घेणारच. क्रीटची अडचण कोणीच बोलत नाहीये: गाडी. एलाफोनिसी, बालोस ही तिथल्या बीचची नावं ऐकायला छान, पण हानियाहून एलाफोनिसी पाऊणशे किलोमीटर आहे, तेही डोंगरातल्या वळणांचं. दीड तास जायला, दीड तास यायला. उजव्या बाजूने चालवायचं, गिअर उजव्या हाताला. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढावं लागेल ते वेगळंच. पहिल्याच परदेश प्रवासात नवराबायकोत पहिलं कडाक्याचं भांडण गुगल मॅपवरूनच होतं, हे स्वानुभवाने सांगतो.

त्यापेक्षा सिसिलीत चेफालू बघा. पालेर्मोहून ट्रेनने तासाभरात. स्टेशनवरून चालत वाळूपर्यंत. वाळूला लागूनच जुनं गाव आणि ११३१ मध्ये पाया घातलेलं नॉर्मन कॅथेड्रल. पाणी या दिवसांत जवळपास क्रीटइतकंच कोमट. आणि पालेर्मोत रस्त्यावर पानेल्ले मिळतात. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं घट्ट आटवून थापतात, त्याचे तुकडे तळतात आणि पावात घालून देतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा लसणाची चटणी मागायला तोंड उघडलं होतं.

चिंचगूळ

हे लिहून घोळ केलात. नवरा शाकाहारी आहे आणि हा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. आता तो सिसिली म्हणतोय. क्रीटला शाकाहारी माणूस काय खातो, कोणी सांगेल का?

जुना_बोसन

क्रीटला त्याची उपासमार होणार नाही. गिगांतेस म्हणजे मोठा पांढरा वाल, टोमॅटोत भाजलेला. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेलाची धार. फावा म्हणजे घोटलेलं वरणच, वरून कांदा. सँटोरिनीचा खरा फावा आपल्या लाखेच्या डाळीच्या चुलत बहिणीपासून करतात. विदर्भातल्यांना चव ओळखीची वाटेल.

एक शब्द पाठ करून जा: ‘निस्तीसिमो’, म्हणजे त्यांचं उपवासाचं. त्यात मटण, अंडं, दूध काही नसतं. पण सावध! त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकुळ चालतं. माझ्या एका मित्राने विश्वासाने मागवलं आणि ताटात आठ पायांचा प्राणी आला.

@डबलरोटी, गाडीचं म्हणणं रास्त आहे. पण एलाफोनिसीला पाणी गुडघाभर, लांबपर्यंत उथळ आणि वाळूत गुलाबी झाक. या दोघांना पोहता येतं का, हे कोणी विचारलंच नाही.

चिंचगूळ

मला नाही येत. नवऱ्याला टिळक टँकपुरतं येतं.

डबलरोटी

मग माझं अर्धं म्हणणं मागे. चेफालूलाही सुरुवातीला उथळ आहे, पण गुडघाभर पाण्यात तासभर चालत राहायचं सुख एलाफोनिसीचंच. दोन दिवसांपुरतीच गाडी घ्या, बाकी दिवस हानियात पायी. सीझनच्या शेवटच्या दिवसांत बसच्या फेऱ्या कमी होतात, ते तपासा.

शिक्का

समुद्र बाजूला ठेवा, आधी कागद. व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. फी प्रौढांना ९० युरो, वरून व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंचा. जास्त रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज. म्हणजे क्रीट की सिसिली हा वाद इथे घालत बसाल तर अपॉइंटमेंट दुसरं कोणी घेऊन जाईल.

आणि चिंचगूळ, पासपोर्टवर नाव बदलायची घाई करू नका. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट तिन्हींवर एकच नाव पाहिजे. माहेरच्या नावाने जा, सोबत विवाह नोंदणीचा दाखला ठेवा. माझ्या बहिणीने हौसेने नाव बदललं आणि तिकिटावर जुनंच राहिलं. पुढचं सांगत नाही.

आज्जीचा_बटवा

सगळे हुशार जमलेत, पण पंचांग कोणी उघडलं का? २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष आहे. नव्या जोडप्याने पक्षात मधुचंद्राला जायचं?

रिकामटेकडा

पितरांना शेंगेन लागत नाही. ते येतील तिथे.

आज्जीचा_बटवा

हसा. घरातल्या मोठ्यांना दुखवून गेलात तर गुलाबी वाळूतही करमायचं नाही. दसरा २० ला, दिवाळी ८ नोव्हेंबरला. मधले दिवस रिकामेच आहेत की.

बॅरोमीटर

आजी, ते दिवस रिकामे आहेत खरे, पण तेव्हा तिकडेही सगळं रिकामं होत असतं. २५ ऑक्टोबरला युरोपात घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर क्रीटला साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. पहिल्या पावसालाही तेव्हाच तोंड फुटतं. अर्धं_शटर म्हणतायत ते सगळं त्या तारखांना लागू पडेल.

अर्धं_शटर

कोणीतरी ऐकलं.

चिंचगूळ

तर असं झालं. सासूबाईंना मीच सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, ‘पक्षात खरेदी करू नये, कार्य करू नये. फिरू नये असं कुठे आहे?’ पण सासरे म्हणाले, सर्वपित्रीला मुलगा घरात पाहिजे. सर्वपित्री १० ऑक्टोबरला. म्हणून जायचं २८ सप्टेंबरला आणि परत ९ ला. दिवाळसणाला आईकडे, त्यात कोणी हात घालायचा नाही.

क्रीट सात रात्री, दोन दिवस गाडी, शेवटची रात्र अथेन्स. सँटोरिनी नाही, निळा_घुमट यांची माफी मागते. सिसिली पुढच्या वेळी, पण पानेल्ले नवरा या रविवारीच घरी करून बघणार आहे. खरेदी मात्र पक्ष लागायच्या आत उरकायची आहे, स्विमिंग कॉस्च्युमसकट.

अर्धं_शटर

छत्री न्या. आणि आल्यावर इथे खरं काय ते लिहा, फोटो नकोत.