फुलाफुलांचं लोकरी जाकीट: रंग बदलायची कोणती पद्धत घ्यावी?

नमस्कार मंडळी. भाचीसाठी बिनबाह्यांचं, व्ही गळ्याचं जाकीट विणायला घेतेय. गडद निळ्या जमिनीवर लाल, गुलाबी, पिवळी मोठी फुलं आणि हिरवी पानं. केबल, जाळी, गळ्या-मुंढ्याचे टाके कमी करणं सगळं जमतं, पण रंगकाम आजवर पट्ट्यांपुरतंच केलंय. फुलं चौकटीच्या कागदावर काढली आहेत, एकेक २४ घरं रुंद, २४ उंच. मागून धागे ओढत न्यावेत, की प्रत्येक रंगाच्या लोकरीची वेगळी गुंडी लावावी? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १
मागून धागे नेणं, म्हणजे फेअर आयल, या नक्षीला नको. त्यात एका ओळीत शक्यतो दोनच रंग चालतात आणि रंग चार-पाच टाक्यांत परत यावा लागतो. तुमच्या दोन फुलांमध्ये लांबलचक निळी जागा असणार. तिथे लाल धागा मागे लोंबेल, घालताना बोटं अडकतील, शिवाय कापड आक्रसेल.
इंटार्शियाच करा, म्हणजे तुमची वेगळ्या गुंड्यांची पद्धत. ओळीतल्या प्रत्येक रंगपट्ट्याला छोटी गुंडी. रंग बदलताना जुना धागा नव्याच्या वरून टाकायचा आणि नवा खालून उचलायचा, म्हणजे दोघांचा पीळ बसतो. हे सुलट आणि उलट, दोन्ही ओळींत. पीळ चुकला की पाकळीच्या कडेला भोक पडतं. पाठ-पुढा वेगळे, सरळ सुयांवर विणा. गोल विणताना रंगाचा धागा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला राहून जातो.

प्रतिसाद २
इंटार्शियाला अनुमोदन. पण आधी तो कागद बदला! विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. समजा १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी बसल्या, तर तुमचं फूल ११ सेंमी रुंद आणि जेमतेम ८ सेंमी उंच होईल. गोल झेंडू चपटा दिसेल. त्याच रुंदीला ३३ ओळी लागतील. त्यामुळे नमुन्याचा तुकडा विणा, धुऊन वाळवा, मग मोजा आणि त्या मापाच्या आडव्या घरांवर फूल पुन्हा काढा.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)
हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! देठ एकाच टाक्याचे आहेत आणि मधले पिवळे ठिपके दोन-दोन टाक्यांचे. त्यांनाही गुंड्या?

प्रतिसाद १
नाही, ते सगळं शेवटी सुईने भरा. बोथट टोकाची सुई घ्या. सुलट टाक्याच्या व्हीच्या तळातून वर या, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून सुई काढा आणि परत त्याच तळात उतरा. धागा तेवढाच जाड आणि हात सैल ठेवलात तर विणलेलंच वाटतं. मला तर फुलांच्या जाकिटातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण फूल डोळ्यांसमोर पूर्ण होतं.

प्रतिसाद ३
लाल लोकरीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. कापडाला रंग लागला तर ती लोकर बाजूला ठेवा. आणि निळी लोकर एकाच लॉट नंबरची (एकाच वेळी रंगवलेली), एक गुंडा जास्तीच घ्या. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या पट्ट्या अंदाजापेक्षा जास्त खातात.
टोकं रोजच्या रोज त्याच रंगाच्या टाक्यांमागे ओवत जा. निळ्यामागे पिवळं टोक नेलंत तर ते पुढून डोकावेल.