मदत हवी आहे: व्हॅकए टाकूनही पेशी फुगत नाहीत

पेट्रीवाला:
हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जीवाणूच्या ब्रॉथमधून (तो वाढवलेल्या द्रवातून) त्याचं व्हॅकए टॉक्सिन (विष) शुद्ध केलं, पेशींवर टाकून रात्रभर ठेवलं. एकही व्हॅक्युओल (पेशीतला फुगलेला कप्पा) नाही! सोमवारी एनपीपीबी आणि बॅफिलोमायसिन हे फुगणं रोखणारे इनहिबिटर लावायचेत. पेशी फुगल्याच नाहीत तर इनहिबिटर रोखणार काय? लवकर सांगा.

स्लाइडताई:
जीवाणूची स्ट्रेन (वाण) कुठली? पेशी कुठल्या? अमोनियम क्लोराइड घातलंत का? एवढं तरी लिहा हो.

पेट्रीवाला:
स्ट्रेन ६०१९०, पेशी हेला (माणसाच्या), अमोनियम क्लोराइड १० मिलिमोलर.

जुनं_खोड:
स्ट्रेन एस१/एम१ (व्हॅकएचा प्रकार) आहे, ठीक. एम२ असती तर हेलावर काही दिसलं नसतं, आरके-१३ (सशाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) लागल्या असत्या. टॉक्सिनला आम्ल दिलंत का? ब्रॉथमधल्या व्हॅकएचे बारा-बारा रेणू चकतीसारखे जुळलेले असतात, ते पेशीच्या पटलात शिरत नाहीत. आम्लानं ते सुटे होतात. हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबानं घालून पीएच २ वर आणा, ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, मग पेशींच्या माध्यमात मिसळा. माध्यम पिवळं पडलं तर आम्ल जास्त झालं. पेशी त्यानंच मरतील.

गोळीबहाद्दर:
ओमेप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) लावा की! पंपच बंद.

जुनं_खोड:
तो जठरातला पंप. इथला व्ही-एटीपीएज (पेशीतल्या कप्प्यांत प्रोटॉन ढकलणारा पंप) वेगळा. व्हॅकए एंडोसोमच्या (पेशीतल्या एका कप्प्याच्या) पटलात क्लोराइडची वाट उघडतं, म्हणून पंप आणखी प्रोटॉन आत ढकलतो. अमोनियम क्लोराइडमधला अमोनिया आत जाऊन अमोनियम होतो, अडकतो, मागोमाग पाणी. झाला फुगा. एनपीपीबी ती वाट अडवतं, बॅफिलोमायसिन पंप.

गोळीबहाद्दर:
बरं. यूरिया ब्रेथ टेस्टच्या (श्वासावरून हेलिकोबॅक्टर शोधायच्या चाचणीच्या) आधी मात्र ओमेप्राझोल २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवं, नाहीतर खोटी निगेटिव्ह येते.

स्लाइडताई:
हे कुणी विचारलं? पेट्रीवाला, फुगणं मोजणार कसं? न्यूट्रल रेड रंगानं?

पेट्रीवाला:
हो, ५४० नॅनोमीटरला.

स्लाइडताई:
मग फसाल. तो रंग आम्लधर्मी कप्प्यांतच साठतो. बॅफिलोमायसिननं कप्प्यांतलं आम्लच जातं, त्यामुळे टॉक्सिन नसतानाही आकडा खाली येतो. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पेशी मोजा, नुसत्या बॅफिलोमायसिनची एक विहीर (प्लेटमधला खळगा) ठेवा.

जुनं_खोड:
न्यूट्रल रेड चालतं, कंट्रोल (तुलनेच्या विहिरी) नीट असले की झालं.

स्लाइडताई:
एनपीपीबीला चालेल. बॅफिलोमायसिनला नाही.

पेट्रीवाला:
आम्ल दिलंच नव्हतं! आज दिलं. सहा तासांत केंद्रकाभोवती साबणाच्या फेसासारखे बुडबुडे. एनपीपीबी १०० मायक्रोमोलर लावलं, बुडबुडे कमी दिसतायत.

जुनं_खोड:
ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असणार. परिणाम द्रावकाचा नाही हे कळायला नुसत्या डीएमएसओची विहीर आहे ना?

पेट्रीवाला:
...उद्या लावतो.