मदत हवी आहे: वेंगुर्ल्याच्या हवेत ट्युलिप कसे फुलवायचे? (फ्रीज, माती, जाती)

नमस्कार मंडळी,

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून फार लांब नाही. पुढे खळं, मागे माड-पोफळीचं आगर. जमीन अर्धी जांभ्याची, अर्धी पुळणीची. अबोली, सोनटक्का, निशिगंध सगळं मनासारखं येतं, त्यामुळे फुलझाडांचं अगदीच वावडं नाही.

सासूबाई एप्रिलमध्ये श्रीनगरला जाऊन आल्या. झबरवान डोंगराच्या पायथ्याची ती ट्युलिपची बाग पाहिल्यापासून त्यांचा दुसरा विषय नाही. गुडघ्यांमुळे पुन्हा जाणं कठीण, म्हणून ह्यांनी ऑनलाइन कंद मागवले. काल खोकं आलं. पिवळे 'स्ट्राँग गोल्ड', लाल 'अपेलडॉर्न', जवळजवळ काळे दिसणारे 'क्वीन ऑफ नाइट' आणि कातरलेल्या पाकळ्यांचे थोडे पॅरट. कंद टणक आहेत, तपकिरी साल काहींची सुटलेली आहे, बुरशी कुठे दिसत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचे एवढं वाचून कळलं, म्हणून ठेवले. सासूबाईंनी सकाळी भाजीचा खण उघडला आणि पहिला प्रश्न, "हे कांदे फ्रीजात कित्याक ठेवलंस गो?"

आता ऑक्टोबरचा मध्य आहे. फ्रीजमध्ये नक्की किती दिवस, आणि कोरडेच ठेवायचे की ओलसर कोकोपीटमध्ये? आमच्याकडे जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो, रात्री जेमतेम सतरा-अठरा. एवढ्यात फूल धरेल का? आणि कुंडीऐवजी आगरात, माडाच्या सावलीत लावले तर? सासूबाईंना ते रांगेत हवेत, बागेतल्यासारखे.

— खळ्यातली बाग

प्रतिसाद: दापोलीचा कुंडीवाला

ताई, आगरात नको. जांभ्याची माती पाणी पडलं की चिकट होते, आणि माडाला शिंपण्याचं पाणी कंदाला सोसणार नाही, कुजेल. रांग हवी तर लांबट कुंड्या एकापुढे एक लावा, सासूबाईंना फरक कळणार नाही. कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि नदीची वाळू. पुळणीची वाळू घेऊ नका, तिच्यात मीठ असतं. ताजं शेणखतही नको.

कंद विकत आला तेव्हाच त्याच्या पोटात इवलंसं फूल तयार असतं. खत घालून ते येत नाही, थंडीने फक्त दांडा लांबायला सुरुवात होते. ही थंडी पुरी झाली नाही तर फूल पानांतच खुजं राहतं किंवा वाळून जातं. म्हणून 4-5 अंशावर कागदी पिशवीत, कोरडे. 'स्ट्राँग गोल्ड' ट्रायम्फ म्हणजे मधल्या हंगामाच्या गटातला, त्याला 12 ते 14 आठवडे पुरतात. 'अपेलडॉर्न'ला थोडे जास्त द्या. 'क्वीन ऑफ नाइट' आणि पॅरट उशिराचे, त्यांना 15-16 तरी हवेत. म्हणजे पिवळे जानेवारीच्या मध्याला लागतील, काळे फेब्रुवारीत जातील आणि तोवर आपल्याकडे ऊन तापायला लागलेलं असेल. खरं सांगायचं तर माझा सगळा भरवसा पिवळ्यांवर. काळे आणि पॅरट हौस म्हणून लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या फ्रीजमध्ये सफरचंद, चिकू, केळी, पेरू काही ठेवू नका. आंबा अढीत ज्या वायूने पिकतो तोच, इथिलीन, ही फळं सोडतात आणि त्याने कंदातलं फूल आतच मरतं. वरून कंद ठणठणीत दिसतो, पानंही येतात, फूल मात्र येत नाही. खूप जणांचा खेळ इथेच बिघडतो.

लावताना मुळांच्या चकतीभोवतीची साल काढून टाका, मुळं लवकर सुटतात. कंदाची चपटी बाजू कुंडीच्या कडेकडे ठेवा, पहिलं मोठं पान त्या बाजूला पडतं आणि कुंडी भरलेली दिसते. कंद एकमेकांना चिकटू न देता दाट लावले तरी चालतात. पहिले दोन आठवडे कुंड्या मांगरात नाहीतर उत्तरेच्या पडवीत, अंधाऱ्या गार जागी ठेवा. कोंब बोटभर झाला की सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली.

प्रतिसाद: दिल्लीहून परत

शांतिपथावर फेब्रुवारीत ट्युलिप बघायला आम्ही दरवर्षी जायचो. तिथेही नेदरलँड्सचे, आधीच थंडी दिलेले कंद आणतात, आणि ती दिल्लीची थंडी! तुमच्या हवेत फूल उघडलं की दुपारी पार थाळीसारखं पसरेल आणि चार-पाच दिवसांत पाकळ्या गळतील. म्हणून कळीला रंग चढला की कापा आणि घरात गार पाण्यात ठेवा. कापलेला ट्युलिप फुलदाणीतही दोन-चार बोटं वाढतो, उजेडाकडे वळतो. सासूबाईंना ते बघायला जास्त मजा येईल. फुलून गेलेला कंद पुढच्या वर्षासाठी जपू नका, आपल्या उन्हात पानं टिकत नाहीत, त्यामुळे तो पुन्हा भरत नाही. सरळ कंपोस्टमध्ये टाका.

प्रतिसाद: रानहळद

हौसेला मोल नाही, पण एवढा फ्रीज अडवण्यापेक्षा मे महिन्यात सियाम ट्युलिपचे गड्डे लावा. हळदीच्या कुळातला, गुलाबी तुरा, पाऊस आणि उकाडा दोन्ही मानवतं. कोकणातल्या हळदीला जे लागतं तेच त्याला. दरवर्षी स्वतःहून उगवतो. ट्युलिप म्हणायचं समाधानही मिळेल!

आणि हो, कंदांच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. कांदा समजून फोडणीत गेला तर पोट बिघडेल. कुत्रा-मांजर असेल तर त्यांनाही विषारी.

खळ्यातली बाग

सगळ्यांचे आभार. चिकू आत्ताच बाहेर काढले. पिशवीवर सासूबाईंनी स्वतःच लिहिलंय, "खावचे न्हय". सियाम ट्युलिपची गोष्ट त्यांना पटलेली नाही, मला पटली आहे, मेमध्ये बघू.

एक शंका राहिली. आमच्याकडे लाइट कधीही जाते, कधी रात्रभर येत नाही. मग दिलेली थंडी फुकट जाते का?

दापोलीचा कुंडीवाला

एका रात्रीने काही बिघडत नाही. दार उघडू नका, गारवा टिकतो. चार-पाच दिवस लाइट नसली आणि खण कोमट झाला तरच काळजी. तसं झालं तर तेवढे दिवस वाढवून द्या आणि पिशवीत ओल धरली नाही ना ते बघा. मऊ पडलेला, आंबूस वास येणारा कंद लगेच काढा, बाकीच्यांना लागण होते.