कोल्हापूरचा १२ इंची ब्लॉक: देऊळ, घड्याळ, रंकाळा, चप्पल एकाच चौकोनात बसवता येईल का?

रंकाळाकाठ:

नमस्कार मंडळी. गावाकडच्या आठवणींच्या क्विल्टमध्ये कोल्हापूरचा एक ब्लॉक घालायचा आहे. तयार माप १२ इंच, म्हणजे शिवणीसकट साडेबारा. आराखडा असा: मध्ये अंबाबाईचं देऊळ, मागे नव्या राजवाड्याचं घड्याळ, खाली रंकाळ्याचं पाणी, कोपऱ्यात कोल्हापुरी चप्पल आणि या सगळ्यावर जोतिबाच्या गुलालाचा गुलाबी.

मांजरपाटावर कच्चा नमुना शिवला, त्यात या अडचणी आल्या:

१) देवळाची शिखरं पाव इंचापेक्षा बारीक होतात. कड आत दुमडली की टोक नाहीसं होतं, नाही दुमडली तर धागे सुटतात.

२) आडव्यात पाच तुकडे जोडले आहेत. उभं माप साडेबारा भरतं, पण आडवं सव्वाबाराच. शिवाय मधोमध फुगा आला आहे.

३) गुलाबी सुती कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर रंग सोडतं.

वरून वाकळीसारखा हाताने धावदोरा घालायचा आहे. मशीन साधं आहे, सरळ टाक्याचं. काय ठेवू, काय काढू?

पाव_इंच:

ताई, आधी मापाचं बघू, कारण ते सुटल्याशिवाय कुठलाच ब्लॉक बसणार नाही. पाच तुकडे म्हणजे चार शिवणी. पाव इंच कमी पडलं म्हणजे दर शिवणीमागे अर्धा सूत गेला. शिवण इस्त्रीने एका बाजूला वळवली की कापडाची घडीही थोडी जागा खाते, म्हणून पाव इंचाची शिवण नेहमी एक-दोन धागे कमीच घ्यायची. मशीन तपासायची सोपी रीत: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा आणि इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली पाहिजे आणि एकूण रुंदी साडेतीन भरली पाहिजे. नाही भरली तर सुईखालच्या पट्टीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून नवी खूण करा आणि पुन्हा शिवून मोजा.

फुगा बहुतेक तिरक्या कडांमुळे आला असेल. तिरकं कापलेलं कापड इस्त्री ओढली की ताणतं. इस्त्री सरकवायची नाही, दाबून उचलायची. आणि ब्लॉक पूर्ण होईपर्यंत वाफ बंद.

आता आराखडा. १२ इंचात चार ठिकाणं घातली की प्रत्येकाला जेमतेम ३ इंच मिळतात, आणि ३ इंचात शिखर कापडाने होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: देऊळ काढा, किरणोत्सव ठेवा. दुसरं कारण असं की हे पांघरूण आहे. त्यावर देवीची मूर्ती किंवा देऊळ आलं की पाय लागतो आणि घरातली मोठी माणसं ते पांघरणार नाहीत. किरणांना पाय लागण्याचा प्रश्न नाही, आणि कोल्हापूरकर ती बघताक्षणी ओळखतो.

किरणोत्सव असा: देवी पश्चिमाभिमुख. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. म्हणजे तीन किरणं, तीन उंच्या. आराखडा इथेच तयार आहे. नकाशात पश्चिम डावीकडे असते, म्हणून सूर्य डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि गाभाऱ्याचा दगड उजवीकडे.

मापं अशी. डावा भाग तयार ९ × १२, उजवा दगडी खांब तयार ३ × १२. डावा भाग कागदावर शिवायचा, म्हणजे आखलेल्या रेघांवरून कापड कागदासकट शिवायचं आणि शेवटी कागद फाडून काढायचा. ए-फोर कागदात तो मावत नाही (तो जेमतेम सव्वाआठ इंच रुंद असतो), म्हणून ए-थ्री कागद घ्या किंवा दोन कागद चिकटवा आणि हाताने आखा. प्रिंटरपेक्षा हाताने आखलेलं बरं, कारण ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की सगळं माप दोन-तीन टक्क्यांनी लहान येतं.

कागदावर आखताना चित्र उलटं काढायचं. शिवण आखलेल्या बाजूने घालतो आणि कापड पलीकडे असतं, म्हणून डावं-उजवं बदलतं. ९ × १२ चा आयत आखा. उजव्या खालच्या कोपऱ्यातून डाव्या उभ्या कडेवर खालून २, ५, ७ आणि १० इंचांवर रेघा न्या, शेवटची रेघ वरच्या डाव्या कोपऱ्यात. सहा तुकडे पडतात. खालून क्रमांक द्या: १ किरण, २ आभाळ, ३ किरण, ४ आभाळ, ५ किरण, ६ वरचा मोठा त्रिकोण. भोवती पाव इंच शिवणीची रेघ काढायला विसरू नका.

पट्ट्या सढळ कापा: पहिला किरण ३ × १०.५, दुसरा ३ × १३, तिसरा ३ × १६.५; खालचं आभाळ ४.५ × १२, वरचं ४ × १५. मोठ्या त्रिकोणासाठी ११ × १४ चा तुकडा एका कर्णावर कापा, त्यात दोन ब्लॉकचे त्रिकोण निघतात. पण कर्ण चुकीच्या बाजूने कापला तर दोन्ही त्रिकोण उलटे पडतात आणि ते कुठेच लागत नाहीत. छापील कापड असेल तर आधी कागदाचा त्रिकोण कापून वर ठेवून बघा.

टाका दीड मिलिमीटरचा, सुई १४ नंबरची, म्हणजे कागद नीट फाटतो. प्रत्येक शिवणीनंतर जादा कापड पाव इंचावर कापायचं आणि मगच उलटवायचं. हे टाळलं तर कोपऱ्यात सहा थर एकावर एक येतात आणि तिथे हाताची सुई जात नाही.

कोपऱ्यात सगळी टोकं एका बिंदूत मिळतात, ती कुणालाच नीट जमत नाहीत आणि जमवायची गरजही नाही. भाग ९.५ × १२.५ ला साफ कापला की त्या कोपऱ्यावर अडीच इंची तांबड्या कापडाचा चौकोन सुलट बाजू आत करून ठेवा, कर्णावर शिवा, पाव इंच ठेवून मागचं कापा आणि उलटवा. २ इंच बाजूंचा त्रिकोण तयार होतो. तोच सूर्य. टोकं त्याखाली जातात.

खांबासाठी ३.५ × ४.५ चे तीन तुकडे उभे जोडा, १२.५ भरतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकच किरण येतो: खालच्यावर चरण, मधल्यावर छाती, वरच्यावर मुख. खांबाच्या शिवणी डावीकडे जुळवायच्या नाहीत, कारण किरणं तिथे संपतच नाहीत. म्हणून हा ब्लॉक नवशिक्यालाही जमतो.

घड्याळ हवंच असेल तर त्याचा वेगळा ब्लॉक करा. १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा अष्टकोनी आहे आणि मधल्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. साडेबारा इंची चौकोन घ्या आणि चारही कोपऱ्यांना ४ इंची चौकोन वरच्यासारखेच कर्णावर शिवून उलटवा. तयार कोपरा साडेतीनचा होतो, सरळ बाजू ५ इंच आणि तिरकी ४.९५. डोळ्याला अष्टकोन समभुज दिसतो. मध्ये ४ इंच व्यासाची तबकडी, काटे भरतकामाने.

खण_इरकल:

रंगांबद्दल. गुलाबी सुटतोय तो मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्याने पक्का होईल या भरवशावर राहू नका. बाजारच्या रंगीत सुती कापडावर त्याचा खात्रीचा उपयोग होत नाही. गरम पाणी आणि साबण घालून कापड अर्धा तास भिजवा, पाणी बदला, पुन्हा भिजवा. पाणी स्वच्छ आलं की ओल्या कापडावर पांढरा मांजरपाट ठेवून वरून इस्त्री दाबा. चौथ्या पाण्यानंतरही डाग उमटत असेल तर ते कापड क्विल्टमध्ये नको. एकदा आभाळाच्या फिक्या कापडात रंग उतरला की परत निघत नाही.

गुलालही ब्लॉकभर नको. फक्त आभाळाच्या दोन पट्ट्यांपैकी वरची गुलाबी घ्या. किरणांसाठी पिवळ्याच्या तीन छटा: खालचा किरण कच्च्या हळदीसारखा, मधला केशरी, वरचा गुळाच्या नव्या रव्याचा (ढेपेचा). रवा फोडल्यावर आत जो पिवळट तपकिरी, किंचित चमकदार रंग दिसतो तो. छटा एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या आहेत का ते बघायला तिन्ही तुकड्यांचा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. एकसारखा करडा दिसला तर लांबून तीन किरणं एकच वाटतील.

दगडासाठी निव्वळ काळा घेऊ नका, त्यावर टाके दिसत नाहीत आणि प्रत्येक धागा-धूळ दिसते. राखाडीच्या तीन छटा, सगळ्यात गडद खाली. इरकलचा काठ खांबाला सुरेख दिसतो, पण काठ अंगापेक्षा जाड असतो, म्हणून तो शिवणीत अडकवू नका, वरून लावा. खणाचं कापड घालणार असाल तर आधी कोपऱ्याला कमी आचेची इस्त्री करून बघा. हल्लीच्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो, तो आक्रसतो. त्याचे धागेही लवकर सुटतात, म्हणून पाव इंचाऐवजी पाऊण इंच जास्त कापा, मागून पातळ मलमल लावा, मग मापाला कापा.

आणि सगळी कापडं, अस्तरासकट, शिवण्याआधी धुवायची. मांजरपाट पहिल्या धुण्यात चांगलाच आटतो. न धुतलेला अस्तराला लावला तर वरचा ब्लॉक सुरकुततो.

रंकाळाकाठ:

खूप आभार दोघांचेही. देऊळ काढलं, किरणोत्सव पक्का. चप्पल आणि पाणी पूर्णच सोडू का? आणि धावदोरा कुठून सुरू करू? वाकळीत कडेने आत जातात ना?

जुनी_लुगडी:

हो ताई, वाकळीत कडेपासून चौकोन घालत आत जातात. पण तिथे जुन्या लुगड्यांचे थर असतात, मऊ आणि एकसारखे, आणि आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळं पक्कं केलेलं असतं. तुमच्या ब्लॉकमध्ये शिवणी आहेत, मध्ये कापसाचा किंवा कृत्रिम थर असेल. कडेने आत गेलात तर सैल कापड मध्ये जमत जातं आणि पुन्हा फुगा. म्हणून कच्चे टाके चार-चार इंचांवर जाळीसारखे घाला आणि धावदोरा मधून बाहेर न्या. वाकळीचं रूप हवंच असेल तर सगळ्यात शेवटी बाहेरच्या पट्टीवर तीन चौकोनी फेरे घाला.

टाके इंचाला चार ते पाच, दोरा जाड सुती, आठ नंबरचा पर्ल (भरतकामाचा पिळाचा दोरा) चालेल. किरणांच्या आत धावदोरा किरणांच्या दिशेनेच, दोन रेघा पुरेत. सूर्याजवळ रेघा एकमेकींना भिडतात, म्हणून दुसरी रेघ सूर्यापासून ३ इंचांवर थांबवा, नाहीतर तो कोपरा पुठ्ठ्यासारखा कडक होतो. खांबावर आडव्या रेघा अर्ध्या इंचावर, दगडाच्या थरांसारख्या. सगळीकडे टाक्यांची दाटी साधारण सारखी ठेवा. एक भाग गच्च आणि दुसरा मोकळा राहिला तर ब्लॉक वाकडा होतो. दाट धावदोऱ्याने ब्लॉक थोडा आखडतोच, म्हणून एकच ब्लॉक उशीला लावणार असाल तर १३ इंच कापा, टाके घाला, मग साडेबाराला छाटा. पूर्ण क्विल्ट असेल तर आधी सगळे ब्लॉक जोडा.

चप्पल अख्खी नको, पांघरुणावर पायताण नको म्हणणारे घरोघरी आहेत. तिची वेणी घ्या: पाऊण इंच रुंदीच्या तीन तपकिरी पट्ट्या, कडा आत दुमडून, खऱ्या वेणीसारख्या विणून खांबाच्या उजव्या कडेला वरून टाचा. १२ इंचांच्या वेणीला प्रत्येक पट्टी १७ इंच कापा आणि विणून झाल्यावर छाटा.

पाणी ब्लॉकमध्ये नको, ब्लॉकांमधल्या पट्टीत घाला. तिथे रंकाळ्याऐवजी पंचगंगा चांगली बसते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. सव्वा इंच कापलेल्या चार निळ्या पट्ट्या जोडल्या की तयार पट्टी ३ इंचांची होते. पाचवी नदी गुप्त आहे, तिला कापड द्यायचंच नाही: दुसऱ्या पट्टीच्या मधोमध फक्त निळ्या दोऱ्याचा धावदोरा, किंचित वळणं घेत. शिवणीवरून नेऊ नका, तिथे चार थर येतात आणि टाके मोठे पडतात. या पट्टीच्या सगळ्या शिवणी एकाच बाजूला इस्त्री करा. एक डावीकडे, एक उजवीकडे केली तर पाऊण इंचाच्या एकाच पट्टीखाली दोन्ही शिवणी येतात आणि ती उंचवटल्यासारखी दिसते.