डब्यात अळ्या, कपाटात फुगलेला मोबाइल. कुणीतरी मार्ग दाखवा

गोगलगाय:
नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत पण एकाच घरातले, दोन धागे काढायचा कंटाळा म्हणून इथेच टाकतेय.

पहिला ओल्या कचऱ्याचा. आम्ही पुण्यात कर्वेनगरला, दुसरा मजला, बाल्कनी म्हणजे दोन खुर्च्या ठेवल्या की संपली. मार्चमध्ये मोठ्या हौसेने रंगाचे वीस लिटरचे दोन रिकामे डबे आणले, भोकं पाडून घेतली आणि भाज्यांची देठं, चहाचा चोथा वगैरे टाकायला लागले. दोन महिने झकास चाललं. मग आंबे सुरू झाले. रोज सहा-सात आंब्यांच्या साली आणि कोयी, वर कलिंगडाच्या जाड फाका, आणि जूनच्या पहिल्या पावसात झाकण नीट बसलं नव्हतं ते लक्षातच आलं नाही. आता तळाला काळं पाणी साठलंय, गटारासारखा वास येतोय आणि परवा उघडून बघते तर जाड, चपट्या, मळकट पांढऱ्या अळ्या, शेकड्याने, नुसती वळवळ. झाकण आपटून आत पळाले. सासूबाई तेव्हापासून बाल्कनीत पाऊल टाकत नाहीयेत, तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलंय आणि "आमच्याकडे खड्डा होता तो परसात होता, घरात नव्हता" हे दिवसातून दोनदा ऐकतेय. कुजलेलं सगळं फेकून देऊ का?

दुसरा प्रश्न खणातला. चार जुने मोबाइल, चार्जर किती ते मोजले नाहीत, दोन रिमोट, एक मेलेला राउटर, सीएफएल बल्ब. भंगारवाला सगळ्याचे मिळून दीडशे देतो म्हणाला, नवरा म्हणतो देऊन टाक एकदाचं. पण त्यातल्या एका मोबाइलमध्ये लेकीचे पहिल्या वर्षाचे फोटो आहेत, बॅकअप नाही (बोलू नका, माहितीये). आणि तोच नेमका फुगलाय, मागचं झाकण उचललं गेलंय. चार्जिंगला लावून फोटो काढून घेऊ आणि मग देऊ असा विचार आहे.

सोल्डरिंगवाला:
ताई, आधी दुसरं. तो फोन चार्जिंगला लावू नका. लावला असेल तर आत्ता काढा, मग पुढचं वाचा.

आतली लिथियमची बॅटरी खराब होऊन तिच्यात गॅस धरलाय, म्हणून झाकण उचललंय. दाबून बसवू नका, टाचणी टोचून हवा काढायचा उद्योग तर अजिबात नको (हसू नका, असं करून आलेलं गिऱ्हाईक मी बघितलंय, नशीब बोटावर निभावलं). स्टीलच्या डब्यात खाली कोरडी वाळू, त्यावर फोन, झाकण घट्ट लावायचं नाही, नुसतं ठेवायचं, आणि डबा गॅस, ऊन, पडदे यांच्यापासून लांब. फ्रीजमध्येही नको.

फोटो जाणार नाहीत. ते बॅटरीत नसतात, बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. दुरुस्तीवाला जुनी बॅटरी काढून दुसरी लावतो किंवा टेबलावरच्या पॉवर सप्लायवर फोन चालू करतो आणि डेटा उतरवून घेतो. पासवर्ड आठवतोय ना तेवढं बघा, तो नसेल तर अवघड आहे. आणि तुमच्या डोळ्यादेखत करून घ्या. खणातलं बाकीचं मात्र भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचऱ्याचं सर्टिफिकेट असलेल्यालाच द्या.

शेणामेणाचं घर:
अगं फेकू नकोस! अळ्या बघून घाबरायला होतं खरं, पण तू केलेल्या वर्णनावरून या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत. घरातल्या माशीच्या अळ्या बारीक आणि पांढऱ्या असतात, या जाड, चपट्या, पुढे तपकिरी होत जातात. यांची माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते पण चावत नाही आणि आपल्या ताटावर येऊन बसत नाही. कचरा खाऊन फस्त करण्यात गांडुळांना मागे टाकतील. मी तर आता त्यांना कामवाल्या म्हणते.

वासाचं कारण वेगळं आहे. तुझ्याकडे सगळं ओलंच पडतंय, सुकं काहीच नाही. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे साधारण पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो, नायट्रोजन साली-देठांतून येतो आणि कार्बन वाळक्या पानांतून, नारळाच्या भुश्शातून, पुठ्ठ्यातून. शिवाय सुकं मध्ये असलं की हवा खेळते. नाहीतर सगळ्याचा गोळा होतो, आत हवा जात नाही, आणि मग तुझं ते गटार. हिशोब डोक्यात ठेवायचा नसेल तर एक वाटी ओलं टाकलं की दोन वाट्या सुकं, झालं.

आता हे कर. रविवारी सासूबाई देवळात गेल्या की बाल्कनीत वर्तमानपत्रं पसर, डबा पालथा कर, कोयी वेचून बाजूला काढ (त्या वर्षभरात कुजत नाहीत), उरलेल्यात वाळकी पानं हाताने चुरून मिसळ. मूठभर उचलून पिळायचं, बोटांमधून एखादा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून पानं घाल. डब्याच्या तळाला विटेचे तुकडे किंवा करवंट्या, म्हणजे भोकं बुजत नाहीत. वर मूठभर निंबोळी पेंड, चिलटं कमी होतात. आंबट ताक शिंपडलंस तरी चालेल, पण आत्ता नको, आधीच ओलं आहे. त्यानंतर रोजचं ओलं टाकलं की वरून सुक्याचा थर द्यायचाच, साल दिसता कामा नये.

पावसाळ्यात पानं मिळत नाहीत ही खरी अडचण. मी फेब्रुवारी-मार्चमध्येच पोती भरून ठेवते. पुण्यात ब्राऊन लीफ म्हणून उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पानांचे ढीग असतात आणि ज्यांना हवे असतात त्यांची गाठ घालून देतात, तिथे विचार. तोवर कुरिअरचे खोके फाडून घाल, चिकटपट्टी काढून.

बोलका पोपट:
आमच्या सोसायटीत गांडूळखताचा हौद बांधला तो खत करायला नाही, मिळकतकरात सूट मिळते म्हणून. पुणे मनपा सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के देते, सोलर, पावसाचं पाणी आणि गांडूळखत यातलं काय काय आहे त्यावर. सूट मिळाली, हौद कोरडा पडला, आता त्यात वॉचमनची सायकल असते. परवा तपासणीला येणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी नर्सरीतून दोन पोती खत आणून ओतलं. विकतच्या खताने सजवलेला खतप्रकल्प बघायचा असेल तर या आमच्याकडे.

उगाच प्रश्न:
एक शंका. भंगारवाल्याला द्यायचं नाही म्हणजे काय, तो बिचारा पोटासाठीच करतो ना? रद्दी, पत्रा, बाटल्या इतकी वर्षं त्यांनीच उचलल्यात, तेव्हा रिसायकलिंग हा शब्दही आपल्याला माहीत नव्हता. आता सर्टिफिकेट नाही म्हणून एकदम तो वाईट?

सोल्डरिंगवाला:
तो वाईट नाहीच. रद्दी, पत्रा त्यालाच द्या, मीही देतो. इलेक्ट्रॉनिक्सची गोष्ट वेगळी. त्याच्याकडून माल पुढे जातो, तिथे वायरचं प्लास्टिक जाळून तांबं काढतात आणि बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून चिमूटभर सोनं. धूर आणि ॲसिड त्या माणसाच्या फुफ्फुसात जातं, उरलेलं नाल्यात. म्हणजे पोटाचाच विचार करायचा तर त्याला हे न देणं बरं.

२०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुना माल नोंदणीकृत रिसायकलरकडून नीट मार्गी लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकलीये. त्यामुळे कंपनीच्या कस्टमर केअरला विचारायचं, नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर अधिकृत लोकांची यादी आहे. पुण्यात तर त्याहून सोपं, दारात कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना विचारा. ती कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, म्हणजे उगाच प्रश्न यांच्या शंकेचंही उत्तर त्यातच आलं. फक्त फुगलेली बॅटरी आहे हे देताना तोंडाने सांगायचं, इतर मालात ढकलून द्यायची नाही, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेटते.

सीएफएल फोडू नका, आत पारा असतो. पुठ्ठ्यात गुंडाळून वेगळा द्या. बाकीचे तीन फोन चालू होत असतील तर अकाउंटमधून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट, सिम आणि मेमरी कार्ड काढलंय ना ते दोनदा बघा. कार्ड विसरणारे खूप.

स्टुटगार्टहून:
इथे जर्मनीत इलेक्ट्रिकल सामानाच्या मोठ्या दुकानांना, ४०० चौरस मीटरच्या पुढच्या, पंचवीस सेंटीमीटरपर्यंतची जुनी वस्तू फुकट परत घ्यावीच लागते, तुम्ही नवीन काही घ्या न घ्या. जुलै २०२२ पासून मोठ्या सुपरमार्केटांनाही. दूध आणायला जाताना खिशात मेलेला ट्रिमर घेऊन जायचं. पण फुशारकी नको, माझ्याही खणात भारतातून आणलेले दोन नोकिया पडलेत, टाकवत नाहीत.

गोगलगाय:
तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी.

फोटो मिळाले!! दुरुस्तीवाल्याने पाठ उघडली तर बॅटरी उशीसारखी टम्म. प्लास्टिकच्या पट्टीने इतकी हळू सोडवली की मी श्वास धरून बसले होते, मग दोन वायरी जोडल्या आणि स्क्रीन लागली. एक हजार चारशे फोटो, त्यातले निम्मे हललेले. सोल्डरिंगवाला दादा, खरंच आभार, मी त्या रात्री लावणारच होते चार्जिंगला. खण रिकामा झाला, नवऱ्याने त्यात लगेच नवीन खोके भरले.

डबा पालथा केला त्या रविवारी सासूबाई देवळातून लवकर आल्या. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन जुनी टोपली आणली आणि कोयी त्यांनीच वेचल्या, मी विळीवरची साल मोठी ठेवते हे ऐकवत. वास आता नाही, मातीसारखा येतो थोडा. अळ्या आहेत, पण कमी.

आता नवा प्रश्न. वेचलेल्या कोयींपैकी तीनला कोंब आलाय. हापूसच्या आहेत, सासूबाईंना लावायच्याच आहेत. कुंडीत लावू का?

परसदार, चिपळूण:
लावा, पण हापूसच्या कोयीतून तसाच हापूस मिळेल या भरवशावर राहू नका, म्हणून तर कलमं करतात. आमच्याकडे याच दिवसांत कोय कलम बांधतात, म्हणजे कोयीच्या कोंबावर हापूसच्या झाडाची काडी, कोंब कोवळा, तांबूस असतो तोवरच. हिरवा झाला की गेलं. तुमच्यापैकी कुणी चिपळूणकडे येणार असेल तर कोयी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, बांधून देतो. सासूबाईंना पण घेऊन या, परस आहे आमच्याकडे, आणि खड्डाही.