पाण्याने नाही, बर्फाने बिघडते

‘पाणी घातलं की स्वस्त ब्लेंडेड व्हिस्की (माल्ट आणि ग्रेन व्हिस्कीचं मिश्रण) पाणचट होते’ हे अर्धंच खरं. बिघडवतो तो बर्फ. गारव्याने वास दबतो आणि बर्फ वितळत राहतो, म्हणजे प्रमाणही हातात राहत नाही. 40 टक्के अल्कोहोलच्या 45 मिली व्हिस्कीत क्लोरीनचा वास नसलेलं साधं पाणी 15 मिली घाला, तीव्रता 30 टक्क्यांवर येते. या बाटल्यांत ग्रेन (मका-गव्हासारख्या धान्याच्या) व्हिस्कीचा वाटा मोठा असतो. नाकात झोंबणारं अल्कोहोल जरा बसलं की मगच माल्टचा (मोड आणलेल्या बार्लीचा) गोडवा आणि (असलाच तर) धुरकट वास कळतो.

सोडाच हवा असेल तर मात्र तो आणि ग्लास दोन्ही चांगले गार हवेत. एक भाग व्हिस्कीला तीन भाग सोडा, ढवळायचं एकदाच, नाहीतर बुडबुडे जातात. आणि काही जण गडद रंगावरून व्हिस्कीचं वय काढतात, त्या भानगडीत पडू नका. स्कॉचच्या नियमांत कॅरमेलचा रंग चालतो.